देवढेसाहेबांची चुकांची वही

ज्या धारेश्वराच्या पिंडीवर डोंगराच्या पोटातून झिरपणारे पाणी भर वैशाखातही थेंबाथेंबाने पडत राहते, त्या देवाधिदेवाला प्रथम साष्टांग नमस्कार. त्याच्या कृपेने यंदा सभामंडपाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, आणि त्या निमित्ताने देवस्थान समितीने ही स्मरणिका काढण्याचे योजिले. समितीचे अध्यक्ष भास्करराव यांनी मला सांगितले, "गुरुजी, देवस्थानावर ज्याचे उपकार हायेत अशा एखाद्या थोर मानसावर तुमी चार पानं लिहा." कोणते थोर पुरुष अभिप्रेत आहेत याविषयी माझा गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी यादीही सोबत दिली. यादीत सात नावे होती. त्यांपैकी तिघे कोनशिलेच्या अनावरणाला आले होते आणि चौघे येणार होते. मी ती यादी आदरपूर्वक पंचांगात ठेवली आहे. लिहितो आहे ते मात्र आठव्या माणसाविषयी. त्याचे नाव कोनशिलेवर नाही. देवस्थानापेक्षाही माझ्यावर त्याचे उपकार अधिक आहेत, आणि ते असे आहेत की भास्कररावांना अजून पचलेले नाहीत.

सुहास देवढे हे आमच्या डोंगरातल्या अभयारण्याचे वनपरिक्षेत्र अधिकारी. लोकभाषेत रेंजरसाहेब. त्याआधी ते हवाई दलात हेलिकॉप्टर चालवत. जन्म मलकापूरचा, वडील सरकीच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. सैन्यातली ठरावीक मुदत संपली, यंत्राच्या आवाजाने डावा कान मंदावला, आणि ज्या वयात माणसे मुलांच्या परीक्षांची काळजी करतात त्या वयात यांनी स्वतः परीक्षा देऊन वनखात्याची नोकरी मिळवली. आकाशात राहणाऱ्याने जंगलात कशासाठी यावे, हा प्रश्न मोताळ्यापासून रोहिणखेडपर्यंत सर्वांना पडला होता. मी एकदा सरळ विचारले. ते म्हणाले, "ईशान्येकडे आम्ही डोंगरांवरून रसद टाकत जायचो, गुरुजी. वरून जंगल फार हिरवं दिसतं. म्हटलं, खाली उतरून पाहू, खरंच आहे का."

"मग? आहे का?"

"अहवालात आहे," ते म्हणाले, आणि चहाचा कप पालथा घालून त्यात काही उरले नाही याची खात्री करून घेतली.

ही खात्री करून घेण्याची त्यांची रीत गावाला प्रथम फार गूढ वाटली. जीप सुरू करण्यापूर्वी ते तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारीत. प्रत्येक चाकाला हात लावीत, वाकून खाली पाहत, पुढची काच बोटाने पुसत. पारावरच्या मंडळींनी हे दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी निर्णय दिला, "मोठा देवभोळा मानूस हाये राजेहो. गाडीले परदक्षिना घालते." त्यानंतर जीपच्या चाकांवर कोणीतरी हळदीकुंकू वाहू लागले. देवढेसाहेबांनी ते पुसले नाही. फक्त चाकाला हात लावण्याआधी रुमाल काढू लागले.

डावा कान मंद असल्यामुळे समोरचा बोलू लागला की ते मान वळवून उजवा कान पुढे करीत. त्यामुळे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या गरीब माणसाला वाटे की आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपले इतक्या एकाग्रतेने ऐकतो आहे. पुढारी आले तर त्यांना ते अगत्याने आपल्या डाव्या हाताला बसवीत. चराईची बंदी उठवावी, अमक्याच्या ट्रॅक्टरकडे दुर्लक्ष करावे, अशा अनेक सूचना त्या बाजूने आल्या आणि सन्मानाने तिथेच राहिल्या.

त्यांची वेळ सांगण्याची पद्धतही लष्करी होती. सकाळी सहाला ते "शून्य सहाशे" म्हणत. आमच्या बीटचा, म्हणजे गस्तीच्या टापूचा, वनरक्षक शेख रऊफ एकदा न राहवून म्हणाला, "साहेब, सहाले नुसतं सहा म्हनलं तं उजाडत नाही का?" साहेब म्हणाले, "उजाडतं रे, पण तू येत नाहीस." रऊफ दुसऱ्या दिवशी पावणेसहाला हजर होता. रऊफविषयी येथेच सांगून ठेवतो. अकरा वर्षे तो रोजंदारीवर वनमजूर होता. जंगलातल्या प्रत्येक झऱ्याची त्याला ओळख होती. सरकारला मात्र त्याची ओळख नव्हती. साहेब येण्याच्या थोडे आधी तो कायम झाला, अंगावर खाकी चढली, आणि ती खाकी तो इतकी जपून वापरी की जंगलात पाणवठा उपसायचा असला तर आधी सदरा काढून झाडाला टांगी.

आता वनपाल तायडे. तायडे हे गार्डांचे वरिष्ठ आणि साहेबांचे कनिष्ठ. स्वभावाने निर्मळ, आणि सरकारी लेखनातल्या एका शब्दाचे सिद्ध उपासक. तो शब्द म्हणजे निरंक. दर महिन्याला वर जो तक्ता जाई तो तायडे भरीत. वणवे, निरंक. अवैध वृक्षतोड, निरंक. अवैध चराई, निरंक. एकदा हाताच्या ओघात वन्यप्राणी या रकान्यातही त्यांनी निरंक लिहिले. तक्ता वर गेला, आणि 'समाधानकारक' असा शेरा घेऊन परत आला. तो कागद देवढेसाहेबांनी मला दाखविला तेव्हा ते हसत नव्हते. म्हणाले, "गुरुजी, मी ज्या नोकरीतून आलो तिथं थोडक्यात हुकलेली प्रत्येक गोष्ट लिहावी लागायची. बोल्ट ढिला राहिला, लिहा. उतरताना तार दिसली नाही, लिहा. लिहिणाऱ्याला शिक्षा नाही. कारण त्यानं लिहिलं नाही तर पुढचा मरतो."

आणि त्यांनी वही आणली. मोताळ्याच्या दुकानातली साधी, जाड पुठ्ठ्याची. वर स्वहस्ते लिहिले, 'चुकांची वही'. खाली, 'जो लिहील त्याला शिक्षा नाही. शब्द माझा.' कार्यालयात सर्वांसमोर ती ठेवली तेव्हा तायडे खुर्चीतून उठलेच.

"साहेब, असी वही ठेवली तं आपुन समदेच सस्पेंड व्हतो."

"समदेच झालो तर ऑर्डर काढाले कोणी राह्यणार नाही, तायडे," साहेब मलकापुरी बोलीत म्हणाले. "घाबरू नका."

पहिली नोंद त्यांनी स्वतःची केली: 'आज पाणवठ्यावर सांबर दिसल्याची नोंद केली. जवळ गेल्यावर ती सरपंचांची गाय निघाली. पाहण्याआधी लिहिले.' महिनाभर वहीत तेवढेच राहिले. सरपंचांच्या कानावर गेल्यावर त्यांनी गाईची तुलना सांबराशी केल्याबद्दल आनंद व्यक्त केला. दूध त्या मानाने कमी होते. मग एके दिवशी रऊफने लिहिले: 'गस्तीवर न जाता गस्तीची सही केली. पाय दुखत होता.' साहेबांनी ते वाचले आणि त्याच्या पायाला औषध आणून दिले. त्यानंतर वही हळूहळू भरू लागली. तायड्यांनी शेवटी लिहिले ते एकही अक्षर कमीजास्त न करता असे: 'गेली कित्येक वर्षे.' कशाची ते नाही. साहेबांनी ती नोंदही मान्य केली.

अशाच एका चुकीवरून ते प्रथम सल्ला विचारायला माझ्याकडे आले. झाले असे की वणव्याच्या दिवसांआधी त्यांनी गार्डांसाठी सामानाची यादी केली होती. एकाने विचारायचे, बाकीच्यांनी पाहून उत्तर द्यायचे. पाण्याचे कॅन? आहे. ब्लोअर? आहे. पेट्रोल? आहे. आमच्या माणसांना ही रीत अतिशय आवडली. आठ दिवसांत यादी तोंडपाठ झाली, पंधरा दिवसांत तिला चाल लागली, आणि महिन्याने रऊफ "पानी?" म्हणाला की बाकीचे आरतीच्या ठेक्यात "हाये ऽऽ" म्हणू लागले. एका सकाळी साहेबांनी कार्यालयाच्या अंगणात पालापाचोळ्याचा ढीग पेटवून दिला आणि म्हणाले, "विझवा." तीनपैकी दोन कॅन रिकामे निघाले. पाला उडवून आग रोखणाऱ्या ब्लोअरला पेट्रोल नव्हते. ढीग शेवटी चहाच्या पाण्याने विझला.

त्या दिवशी दुपारी ते देवळाच्या पायरीवर येऊन बसले. मान वळवून म्हणाले, "गुरुजी, पाठ झालं की पाहणं थांबतं. तुमच्याकडे तर हजारो वर्षांचं पाठांतर आहे. तुम्ही लोकांनी यावर काय उपाय केला?"

इतका सन्मानाचा प्रश्न मला साठ वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी सविस्तर सांगितले. वेदपाठात जीभ सवयीने धावू लागू नये म्हणून पूर्वसूरींनी पदे नुसती सरळ म्हणू दिली नाहीत. दोन पदे सुलटी, मग तीच उलटी, मग पुन्हा सुलटी. अशाने मन जागेवर राहावेच लागते. शिवाय न्यास आहे. ज्या अवयवाचा उच्चार, त्या अवयवाला स्पर्श. हृदय म्हटले की हात हृदयावर. उच्चार आहे आणि स्पर्श नाही, तर तो न्यास नव्हे. साहेबांनी हे सारे खिशातल्या टिपणवहीत उतरवून घेतले आणि मला कडक सलाम केला. मी आठ दिवस जमिनीपासून दोन बोटे वर चाललो.

दुसऱ्या दिवसापासून यादी बदलली. रऊफ कुठूनही सुरुवात करी, मध्येच मागे वळे, आणि ज्याचे नाव घेतले त्या वस्तूला हात लावल्याखेरीज उत्तर द्यायचे नाही असा नियम झाला. कॅन हलवून पाहायचा, पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडायचे. "पेट्रोल, ब्लोअर, ब्लोअर, पेट्रोल, पेट्रोल, ब्लोअर!" आरतीची चाल गेली, आता ते संध्येसारखे वाटे. एका वरिष्ठांची तपासणी नेमकी त्या वेळी आली. खाकीतली पाच माणसे काहीतरी उलटसुलट पुटपुटत डब्यांना बोटे लावताना पाहून ते दारातच थबकले, पादत्राणे काढावीत की काय या संभ्रमात क्षणभर उभे राहिले, आणि जाताना शेरा लिहून गेले: 'कार्यालयीन वेळेत धार्मिक विधी टाळावेत.'

आता मला जे सांगायचे आहे त्याकडे येतो. इथवर मी पुष्कळ हसलो आहे, दुसऱ्यांना.

चैत्रात दरवर्षी धारेश्वरासमोर होम होतो. देऊळ अभयारण्याच्या हद्दीत, म्हणून परवानगी लागते. देवढेसाहेबांनी ती दिली. एक पानाचा कागद होता, खाली माझी सही हवी होती. मी केली. साठ वर्षे मी अशा कागदांवर सह्या करीत आलो आहे. वाचण्याची पाळी कधी आली नव्हती. होम यथासांग झाला. पूर्णाहुती झाली. शेवटी अग्नीला निरोप देण्याचा जो मंत्र आहे तो मी म्हटला, अक्षता टाकल्या, आणि मंडळींसह खाली गावात येऊन प्रसाद घेतला व वामकुक्षीला आडवा झालो. अग्नीला मी जाण्यास सांगितले होते. तो गेला की नाही हे पाहण्यासाठी मी थांबलो नाही.

चारच्या सुमारास डोंगरावर धूर दिसला.

रऊफ पहिला पोहोचला. कॅन भरलेले होते, ब्लोअरला पेट्रोल होते, सारे हात लावून पाहिलेले होते. तरी चैत्रातले गवत ते. देवळामागचा अख्खा उतार गेला. साहेब आणि सहा माणसे पळसाच्या फांद्यांनी झोडपत होती. मी जाऊन पोहोचलो तेव्हा ज्वाळा शमल्या होत्या. रऊफच्या भुवया जळून गेल्या होत्या आणि दोन्ही तळव्यांना फोड आले होते. एका दगडावर त्याने करपलेली घोरपड आणून ठेवली होती. खाकी सदरा मात्र दूर, न जळालेल्या झाडाला टांगलेला होता.

आग कोठून सुरू झाली हे जंगलातल्या माणसाला राखेवरून कळते. वारा कुठला, गवत कोणत्या बाजूला झुकून जळाले, हे सगळे मागे मागे पाहत गेले की आरंभाची जागा सापडते. रऊफ तसा मागे मागे गेला, देवळाच्या अंगणाशी आला, कुंडाजवळ थांबला, आणि परत फिरला. मी पाहत होतो. मी विचारले, "काय रे, सापडलं का?" तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "नाही जी गुरुजी. काई समजत नाही. वारं भल्लं सुटलं व्हतं."

आमच्या वनविभागाला त्या साली एकही वणवा न लागल्याबद्दल मानचिन्ह मिळणार होते. त्यामुळे वरून प्रथम असे सुचवण्यात आले की ही आग हद्दीबाहेर लागली असावी. देऊळ हलवता येत नसल्यामुळे ते जमले नाही. मग असे सुचवण्यात आले की नेहमीप्रमाणे अज्ञात इसम लिहावे. या अज्ञात इसमाविषयी मला पूर्वीपासून आदर आहे. आमच्या जिल्ह्यात एवढे कर्तृत्व दुसऱ्या कोणाचे नाही. वणवे तोच लावतो, सागाची झाडे तोच तोडतो, रानडुकरे तोच मारतो, आणि इतके करूनही कधी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु अज्ञात इसम म्हटला की तो बीटच्या गार्डला का दिसला नाही, असा पुढचा प्रश्न येतो. तो आला. रऊफला कारणे दाखवा नोटीस मिळाली. कामात हयगय केल्याबद्दल सेवेतून का काढू नये, याचे सात दिवसांत उत्तर द्यायचे. अकरा वर्षे रोजंदारी केल्यावर मिळालेली खाकी, तिला अजून वर्ष झाले नव्हते.

देवढेसाहेब नोटिशीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओसरीवर आले. सोबत वही होती, आणि होमाच्या परवानगीचा कागद. कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. चौथी अट मी तेव्हा प्रथम वाचली: 'होमानंतर कुंडाला हात लावून ते पूर्ण थंड झाल्याची खात्री करावी.' खाली माझी सुवाच्य सही. माझाच न्यास, माझ्यासाठीच लिहिलेला.

"रऊफला ठाऊक आहे," मी म्हणालो.

"असेल. तो बोलत नाही. म्हणतो, काढा मला. गुरुजींचं नाव मी घेत नाही."

मी वहीकडे हात केला. त्यांनी ती किंचित मागे ओढली. उजवा कान माझ्याकडे नव्हता. ते सरळ डोळ्यांत पाहत होते.

"आधी ऐका. यात लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, हा शब्द मी माझ्या माणसांना दिलाय. तुम्ही खात्यातले नाही. तुम्ही लिहिलंत तर मला गुन्हा नोंदवावा लागेल. तुम्हाला वाचवणं माझ्या हातात नाही. आणि नाही लिहिलंत तर मी तुम्हाला लिहायला लावणार नाही. कुंड मी पाहिलंय, अहवालात जागा लिहीन. पण कोणी काय केलं ते मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी लिहीत नाही."

"रऊफची मुदत?"

"चार दिवस राहिलेत."

ते निघून गेले. वही ओसरीवर ठेवून गेले.

वाचकहो, त्या चार दिवसांपैकी तीन मी काहीही केले नाही हे येथे नमूद करणे भाग आहे. माझ्या पूजेत व्यत्यय आला नाही, जेवणही नीट गेले. वही मात्र ओसरीवरून उचलून आत ठेवली, मग देवघराजवळ ठेवली, मग तेथून हलवली. दुसऱ्या दिवशी भास्करराव आले.

"गुरुजी, तुमी काई मनाले लावून घेऊ नोका. अग्नी कोनाचा? देवाचा. मंग देवावर गुन्हा कसा दाखल व्हते?"

"रऊफची नोकरी जाते आहे, भास्करराव."

"जाते तं जाते. त्याले दुसरीकडं लावू."

"कुठे?"

"कुठंबी लावू. आपल्या वळखी काय कमी हायेत? पन देवस्थानाचं नाव खराब झालं तं मंडपाचं काम थांबते. तुमी नुसते गप राहा. गप राहाले काई लागते का?"

त्यांच्या बोलण्यात तर्काचा दोष मला सापडेना. आणि ते बरोबर वाटू लागले याचेच मला भय वाटले. कारण मी साठ वर्षे लोकांना सांगत आलो होतो की प्रायश्चित्ताचा पहिला भाग उच्चार आहे. पाप बोलून दाखवल्याखेरीज पुढचे स्नान, दान, उपवास, काहीही लागू होत नाही. किती माणसांकडून मी ते वदवून घेतले होते! स्वतःच्या वेळी मला गप्प राहण्यातले शास्त्र सापडू लागले होते.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी रऊफ देवळाखालून जाताना दिसला. अंगात साधा सदरा. मी हाक मारली, "खाकी कुठे रे?"

"धून ठेवली जी. परत द्या लागली तं मळकी कसी द्यावं?"

चौथ्या दिवशी सकाळी स्नान करून मी वही उघडली. तायड्यांच्या त्या तीन शब्दांखाली जागा होती. लिहिले: 'होमानंतर अग्नीला जाण्यास सांगितले. तो गेला की नाही हे पाहिले नाही. परवानगीची अट न वाचता सही केली होती. डोंगर माझ्यामुळे जळाला. रऊफची चूक नाही. त्याला माहीत असून त्याने सांगितले नाही, ही असलीच तर त्याची एक चूक.' खाली सही करताना सवयीने नावापुढे शास्त्री लिहून गेलो. क्षणभर वाटले खोडावे. खोडले नाही, चूक शास्त्र्याचीच होती.

चालत जाऊन वही कार्यालयात दिली. साहेबांनी उभे राहून वाचली, मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि मग माझा जबाब नोंदवून घेतला. वय, धंदा, पत्ता, काही न सोडता. तायडे शेजारी बसून महिन्याचा तक्ता भरीत होते. 'वणवे' या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी 'एक' लिहिले. तो आकडा लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. वळण चुकल्यासारखा दिसतो तो कागदावर.

हा अहवाल वर गेला आणि परत आला. शेरा होता, कबुलीजबाब विहित नमुन्यात नाही. साहेबांनी नमुन्यात घालून पाठवला. पुन्हा आला. सदर व्यक्ती प्रतिष्ठित असल्याने फेरतपास करावा. फेरतपास करून पाठवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अज्ञात इसमाचा शोध चालू ठेवावा, असे होते. त्यावर देवढेसाहेबांनी स्वहस्ते लिहिले, 'इसम ज्ञात आहे. वय शहात्तर. रोज सकाळी देवळात भेटतो.' एवढे झाल्यावर वरच्यांचा नाइलाज झाला. रऊफची नोटीस नस्तीबद्ध करण्यात आली. माझ्यावर वनगुन्हा नोंदला गेला. तारखा पडतात, मी जातो, तेथे बाकावर माझ्याशेजारी बसणाऱ्यांना माझी ओळख करून देताना आता संकोच वाटत नाही. मानचिन्ह दुसऱ्या विभागाला गेले. आणि पावसाळ्याच्या तोंडावर देवढेसाहेबांची प्रशासकीय कारणास्तव बदली झाली, दूर पूर्वेला, एका लाकूड आगारावर. तेथे झाड म्हणून जे आहे ते सारे आडवे आहे, आणि मोजून रचलेले आहे.

मोताळ्याच्या फाट्यावर निरोपाला चारच माणसे होतो: तायडे, रऊफ, मी आणि फाट्यावरचा चहावाला, तोही आमचे कप परत घ्यायचे म्हणून. रऊफ खाकीत होता. त्याने साहेबांची पत्र्याची पेटी उचलायला हात घातला.

"ठेव," साहेब म्हणाले. "वर्दीत आहेस. वर्दीत सामान उचलत नाहीत."

रऊफ रडवेला झाला. "साहेब, मले वाचवाले गेले, अन् तुमीच गेले."

"कुठं गेलो बे? बदलीवर चाललो. तू काय मले वर पाठवून राह्यला?"

मी म्हणालो, "माझ्या एका नोंदीने तुमची ही जागा गेली, साहेब."

त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला, ऐकले नसेल म्हणून मी पुन्हा म्हणणार होतो. ते म्हणाले, "नोंद तुमची होती, गुरुजी. वर पाठवणारी सही माझी होती. दोन्ही वाचून केलेल्या होत्या." आणि वाकून त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी आशीर्वाद देण्यासाठी हात उचलला तोवर काळीपिवळी जीप आली.

मलकापूरला जाणारी ती काळीपिवळी आधीच चौदा माणसांनी भरलेली होती. पेटी टपावर गेली, साहेब मागच्या फळीवर अर्धे बसले, आणि गाडी बंद पडली. चालकाने चारदा किल्ली फिरवली. मग मागे वळून तो नेहमीच्या निर्विकारपणे म्हणाला, "उतरा बाप्पा, धक्का मारा." साहेब सर्वांआधी उतरले. बाह्या सरसावून दोन्ही तळवे गाडीच्या पाठीला लावले. त्यांच्या एका बाजूला तायडे, दुसऱ्या बाजूला, वर्दीचा विचार न करता, रऊफ. मीही हात लावला. माझा जोर कितपत लागला हे तो धारेश्वर जाणे. फाट्याच्या उतारावर गाडी गुरगुरली, धूर सोडून पुढे धावली, आणि देवढेसाहेब तिच्यामागे पळत गेले. कोणीतरी आतून हात दिला, त्यांनी तो धरला आणि चढले. आम्ही तिघे धुळीत उभे राहिलो. रऊफने खाकी झटकली, टोपी सरळ केली, आणि गस्तीची वेळ झाली म्हणून डोंगराकडे चालू लागला.

ज्या हातांत ही स्मरणिका जाईल त्या वाचकाचे, त्याच्या घरातल्या लहानथोरांचे, गोठ्यातल्या जनावरांचे आणि चुलीतल्या अग्नीचे धारेश्वर रक्षण करो. त्या घरात धान्याला आणि पाण्याला तोटा न पडो. घरातल्या कोणाच्याही तोंडून 'चुकलं माझं' हा शब्द निघाला, तर तो ऐकून घेणारे माणूस त्याच घरात मिळो. शुभं भवतु.